दुसऱ्याच्या ब्रेकवर

पुण्यात नवले पुलावर अपघात झाला की साताऱ्याहून आईचा फोन येतो. "कुठेयस?" एवढंच विचारते. ऑफिसात आहे म्हटलं की "बरं" म्हणून ठेवून देते. टीव्हीवर खाली पट्टी फिरत असते, ती तिला पुढे वाचायची असते. मग मावशी, मग वहिनी. एकदा तर मी साताऱ्यातच आईच्या ओट्याशी मेथी निवडत उभी होते आणि मावशीने आईला फोन करून विचारलं, "अगं, पोचली का ती नीट? नवले पुलावर परत उडवलंय म्हणे कुणीतरी." जणू काही त्या पुलावर माझी कायमची ड्युटी लागलेली आहे.

तशी ती लागलेलीच आहे म्हणा. घर धायरीत, नोकरी बाणेरला आणि मधे बायपास. सरकारी कागदावर त्याचं नाव कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्ग. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ४ होता, आता ४८ झाला. बंगळूरहून मुंबईला जाणारी अवजड वाहतूक पुण्यात शिरू नये, बाहेरच्या बाहेर जावी, हा तो आखण्यामागचा हेतू. तेव्हा नऱ्हे, आंबेगाव, बावधन, सूस ही गावं होती. वरून ट्रक गेले काय आणि विमानं गेली काय, त्यांना फरक पडत नव्हता. मग शहर आलं. आता दोन्ही अंगांना सोसायट्या, इंजिनिअरिंग कॉलेजं, मंगल कार्यालयं, फरशीची गोदामं, मिसळीची दुकानं आणि बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे, रिक्षाला बंदी आहे, पायी चालणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. इथे सगळ्यांना मुभा. चेन्नईहून निघालेला कंटेनर आणि कोथिंबिरीची जुडी आणायला निघालेल्या काकू एकाच वेळी एकाच लेनमध्ये असतात. त्याच्या डोक्यात मुंबईचे उरलेले दीडशे किलोमीटर, यांच्या डोक्यात गॅसवर ठेवलेला कुकर. दोघांनाही हा रस्ता आपलाच वाटतो, आणि कायद्याने तो दोघांचा आहेही.

धोकादायक चालक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक माणूस येतो. प्यालेला, नाहीतर बापाच्या पैशावर माजलेला. असे असतात, नाही असं नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि ती चालवत असल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली, तेव्हा सगळा देश आमच्या शहराकडे बघत होता. (माझे तीनशे शब्द इथवर येताना सहज झाले. काही कठीण काम नाही.)

पण बायपासवर मला रोज भेटतात ते असे नसतात. ते शुद्धीत असतात, अंघोळ करून, डबा घेऊन निघालेले असतात. घरी बरेच असावेत. त्यांच्यात मला एकच गोष्ट सारखी दिसते. ते स्वतःच्या ब्रेकवर गाडी चालवत नाहीत, समोरच्याच्या नाहीतर शेजारच्याच्या ब्रेकवर चालवतात. आपण घुसू, तो थांबेल. आपण वळू, तो दाबेल. हा हिशोब बहुतेक वेळा बरोबर येतो, कारण दुसरा खरंच ब्रेक दाबतो. आणि बरोबर येतो म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी पुन्हा केला जातो.

वारज्याचा मुठेवरचा पूल मागे पडला की चांदणी चौकाकडे चढ लागतो. तिथे अवजड गाड्या हळू होतात, डावीकडे ट्रकांची माळ लागते, म्हणून मोटारी उजवीकडे सरकतात. मीही सरकते. त्या दिवशी माझ्यापुढे कंपनीची बस होती, डावीकडे सिमेंटचा बल्कर, आणि आरशात एकाएकी नुसती जाळी दिसायला लागली. पांढऱ्या एसयूव्हीची, क्रोमची. दिवेसुद्धा दिसत नव्हते इतकी जवळ. जाळीला लिंबू-मिरची बांधलेली होती आणि ती वाऱ्याने उलटीकडे वळून चिकटली होती. मिरचीचं देठ दिसत होतं मला आरशात. ताशी सत्तरच्या वेगात मागच्या गाडीच्या मिरचीचं देठ दिसू नये.

मग अप्पर-डिपर सुरू झालं, मग हॉर्न. मी जायचं कुठे, हे काही तो सांगत नव्हता. पुढे बस, बाजूला बल्कर, उजवीकडे दुभाजक.

ताशी सत्तर म्हणजे सेकंदाला एकोणीस मीटर. पुढच्याचे लाल दिवे लागलेले दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या सावध माणसालाही सेकंदभर लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच एकोणीस मीटर गेले, आणि गाडी थांबायची आहेच अजून. हा गृहस्थ माझ्यापासून चार-पाच मीटरवर असेल. बसवाल्याने करकचून दाबला तर मलाही करकचून दाबावा लागणार, आणि मग याच्याकडे वेळच नाही. त्यामुळे मी करकचून दाबता कामा नये. मी हळूहळू दाबायला हवा. हळूहळू दाबायचा तर बसपासून माझं अंतर दुप्पट हवं. थोडक्यात, त्याने माझ्यामागे जे अंतर ठेवलं नाही ते मी माझ्यापुढे ठेवायचं. त्याच्या वाटणीचं सुद्धा.

मी ठेवलं. बल्कर मागे पडताच डावीकडून एक छोटा हत्ती आला आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन बसला. आमच्याकडे अंतर ठेवणं म्हणजे जागा रिकामी असल्याची जाहिरात समजतात. छोट्या हत्तीला वाट देण्यासाठी मी आणखी मागे आले, मागच्याने आणखी हॉर्न दाबून धरला, आणि शेवटी संधी मिळताच तो डावीकडून पुढे निघाला. निघाला म्हणजे लगेच नाही. माझ्या खिडकीशी आल्यावर तो क्षणभर बरोबरीने चालला, मान वळवून आत बघितलं, शेजारच्याला काहीतरी म्हणाला आणि दोघे हसले. काय म्हणाला ते काचेतूनही ऐकू आलं असं धरायला हरकत नाही. बायपासवर गाडी चालवणारी प्रत्येक बाई ते ऐकून आहे. बाप्याने अंतर ठेवलं तर तो सावकाश चालवणारा, बाईने ठेवलं तर तिला येत नाही.

आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी मला नेहमी सांगतात, "मॅडम, तुम्ही राइटला येताच कशाला? मधली धरायची आणि गाणी ऐकत जायचं." सल्ला चांगला आहे. फक्त मधल्या लेनवर दोन्हीकडून कट मारतात, एवढंच.

आता चांदणी चौक. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला. उडवला म्हणजे बराचसा उडाला, उरलेला यंत्रांनी पाडावा लागला. १२ ऑगस्ट २०२३ ला नवा चौक सुरू झाला. वाहतूक खरोखरच सुटली, ते मान्यच करायला हवं. पण इतके रॅम्प झाले की परगावचा माणूस फाट्याशी येऊन गोंधळतो. मोबाइलमधली बाई "डावीकडे रहा" म्हणते, डावीकडे तीन वाटा. हुकली वाट तर शहाणा माणूस पुढे जाऊन वळून येईल. आमच्याकडे तो दिवे लुकलुकवतो आणि महामार्गावर रिव्हर्स घेतो. चारही दिवे एकदम लावले की काहीही करायची परवानगी मिळते, अशी एक समजूत मूळ धरून आहे. अशी एक लाल हॅचबॅक मी बघितली. आजोबा चालवत होते, आजी मागच्या सीटवरून वळून मागच्या काचेतून बघत होत्या आणि हाताने आम्हा सगळ्यांना थांबायला सांगत होत्या. सौजन्याने, हसून. आम्ही थांबलो. कुणीतरी मागच्या मागे करकचून दाबल्याचा आवाज आला, पण आजी तोवर योग्य रॅम्पवर पोचल्या होत्या.

संध्याकाळी परतताना सर्व्हिस रोडवर येते तेव्हा समोरून माणसं येतात. राँग साइडने. त्यांचा राग मला सकाळच्या एसयूव्हीइतका येत नाही, आणि हे बरोबर नाही हेही कळतं. ती माणसं जवळची असतात. कुणी सोसायटीचा वॉचमन, कुणी डेअरीवाला, नऱ्ह्याच्या कॉलेजची पोरं एका गाडीवर तिघं. खालून वळायचा बोगदा लांब. दुकान तीनशे मीटरवर, सरळ जाऊन वळून यायचं तर दोन किलोमीटर. मग ते कडेकडेने उलटे येतात, दिवसाढवळ्या हेडलाइट लावून. हेडलाइट ही त्यांच्या मते सभ्यता आहे. आणि ते कडेला चिकटून येत असल्यामुळे बाजूला सरकायचं आपण, उजवीकडे, जिथून डंपर येतोय.

एकदा एक बाप आला असा. स्कूटरवर पुढे पोरगा उभा, पाठीला दप्तर, दप्तरावर कुठलंसं कार्टून. मी थांबले. बापाने पंजा उचलून मला धन्यवाद दिले आणि पोराने टाटा केलं. मीही केलं, दुसरं काय करणार. तेवढ्यात माझ्यामागच्या बाइकवाल्याने हॉर्न मारून, पुढे येऊन, मला शिव्या दिल्या. मला. कारण ब्रेक मी दाबला होता. या रस्त्यावर शिव्या नेहमी ब्रेक दाबणाऱ्यालाच पडतात, दाबायला लावणारा तोवर टाटा करून गेलेला असतो.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा धोकादायक वाहन चालवण्याचं कलम १८४ नीट फोड करून लिहिलं. सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरणं, वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं हे सगळं त्यात नावानिशी आलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. पुलाखाली हवालदार उभा असतो तेव्हा तो चालतोही. पन्नास पावलं पुढे नाही चालत. रस्त्याची आखणी चुकली, वळायला जागा नाही, पायी ओलांडायची सोय नाही, या तक्रारी शंभर टक्के खऱ्या आहेत आणि मी त्या स्वतः करते. पण पोराला पुढे उभं करून डंपरच्या तोंडावर जा, असं काही रस्त्याने सांगितलेलं नाही.

खरी भीती वाटते ती मात्र साताऱ्याहून परत येताना. खंबाटकी उतरलं, शिरवळ गेलं, खेड-शिवापूरच्या नाक्यावरची रांग संपली की नवीन कात्रज बोगदा. बोगद्यातून बाहेर आलं की पुणे दिसतं, आणि तिथून दरी पूल, मग भूमकर पूल, मग सेल्फी पॉइंट, मग नवले पूल, असा चार-पाच किलोमीटरचा सलग उतार. डोळ्यांना तो उतार वाटत नाही. रुंद, गुळगुळीत, सहा पदरी रस्ता. घाटात वळणं असतात, माणूस आपोआप घाबरून चालवतो. इथे घाबरवणारं काहीच नाही. आणि उतार संपतो तिथे शहर सुरू होतं. रिक्षा, पीएमपीच्या बस, रस्ता ओलांडणारी माणसं, कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत बॅगा घेऊन उभी असलेली कुटुंबं.

२० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. याच उतारावर एका अवजड ट्रकने पुढच्या डझनावारी गाड्या एकामागोमाग एक ठोकल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं तपासात पुढे आल्याच्या बातम्या होत्या. त्यानंतर अतिक्रमणं निघाली, रंबलर आले, फलक आले, कॅमेरे आले. १३ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पुन्हा एक कंटेनर सुटला. एक मोटार दोन अवजड वाहनांच्या मधे चिरडून पेटली. आठ जणांचे जीव गेले. वेगमर्यादा आणखी खाली आणली. त्या दिवशी आईचे फोन मी उचलेपर्यंत येत राहिले.

त्या उतारावर खिडकी उघडी असेल तर कधीकधी एक वास येतो. जळक्या रबराचा वाटतो आधी, पण रबराचा नसतो, जास्त कडवट असतो. पुढच्या ट्रकच्या मागच्या चाकांतून निळसर धूर निघत असतो. ब्रेकचे लायनर तापलेत. असा वास आला की मी त्या ट्रकच्या मागे राहत नाही, पुढे तर मुळीच जात नाही. पार डावीकडे जाऊन त्याला लांब जाऊ देते.

हे सगळं मला नीट कळलं ते एका गॅरेजमध्ये. माझी क्लच प्लेट गेली होती, नऱ्ह्याला सर्व्हिस रोडलगतच्या एका मिस्त्रींकडे दुपारभर बसून होते. तिथे एक ट्रकचालक होते, निपाणीकडचे, पन्नाशीचे. ट्रक पलीकडे उभा, हे चहा पीत बाकावर. मी सरळच विचारलं, उतारावर गाडी न्यूट्रल का करतात?

"डिझेलसाठी, ताई. दुसरं काय." त्यांनी कप खाली ठेवला. "मालक फेरीला डिझेल बांधून देतो. वाचलं ते आपलं. कमी पडलं तर आपल्या खिशातनं."

"आणि इंजिनच बंद?"

"ते येडे. बंद केलं की स्टेरिंग दगड होतंय. हवा बी भरायची थांबतीय. मी बंद न्हाई करत. न्यूट्रल करत होतो."

"सगळे 'होतो'च म्हणतात," मिस्त्री गाडीखालून म्हणाले.

मग दोघांनी मिळून मला समजावलं. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद असलं की टाकीत आहे तेवढीच हवा, प्रत्येक दाबाला ती कमी होत जाते. न्यूट्रलमध्ये हवा भरत राहते, पण इंजिनाची ओढ सुटते. गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. ते सुटलं की सगळं वजन चाकांतल्या ब्रेकवर येतं. ब्रेक तापतो, तापला की धरत नाही, धरत नाही म्हणून आणखी दाबायचा, आणखी तापतो. पाच किलोमीटर त्याला पुरेसे आहेत.

"ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं," ते म्हणाले. "उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलेलं."

"मग?"

"उस्तादाला डिझेल बांधून नव्हतं."

यावर मी काय बोलणार. पण त्यांचं बोलून झालेलं नव्हतं. आता त्यांची पाळी होती.

"तुमच्या कारवाल्यांचं सांगू का? मी शिस्तीत गिअरात उतरतोय, चाळीसनं, पुढं जागा सोडून. जागा दिसली की आत. माझ्या बंपरम्होरं धा फुटांवर येत्यात आन् तिथं ब्रेक मारत्यात. मागं चाळीस टन हाय, ताई. त्यास्नी वाटतंय मोठ्या गाडीला मोठं ब्रेक असतंय."

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि क्लच प्लेटचे पैसे सांगितले. ते ऐकून ट्रकवाल्यांनाही वाईट वाटलं.

त्यांच्या त्या वाक्यानंतर मला बायपास वेगळा दिसायला लागला. मी आजवर समजत होते की मोठा लहानाच्या अंगावर येतो. खालचा दुचाकीवाला घाबरलेला, वरचा ट्रकवाला माजलेला, आणि मधे आपण. पण उधारी वरच्या दिशेनेही चालू आहे. दुचाकीवाला मोटारीच्या ब्रेकवर घुसतो, मोटारवाला ट्रकच्या ब्रेकवर, आणि ट्रकवाल्याचे ब्रेक मालकाने डिझेलपायी आधीच खर्च करून टाकलेले. जो सगळ्यांचा शेवटचा आधार, त्याच्याचकडे काही शिल्लक नाही. आणि हे मधल्या कुणाला माहीत नसतं.

आकडेवारीत हे सापडत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्राच्या अहवालात त्यांतल्या ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे कारण अतिवेग असं आहे. अतिवेग हा रकाना भरायला सोपा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे खरंच, त्यामुळे रकाना खोटाही नाही. पण "समोरचा थांबेल असे वाटले" असा रकाना कुठल्या पंचनाम्यात नसतो. जबाबात मात्र तेच वाक्य असतं. मला वाटलं तो थांबेल. मला वाटलं ती पुढे जाईल.

शुक्रवारी रात्रीच्या खासगी बसगाड्यांबद्दल लिहिणार होते, पण ज्याने नवले पुलाजवळ किंवा वाकडला रात्री दहाला तिसऱ्या लेनमध्ये उभी राहून बॅगा चढवून घेणारी स्लीपर बघितली आहे त्याला नव्याने सांगायला नको, आणि ज्याने बघितली नाही त्याला खरं वाटणार नाही.

परवा आमच्या लेकीचं लायसन्स झालं. पुण्यात चारचाकीची परीक्षा भोसरीच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. इंग्रजी आठचा आकडा, एच, चढावर थांबून मागे न सरकता गाडी उचलणं. पहिल्या झटक्यात पास झाली. घरी येऊन तिने कागदावर सगळा ट्रॅक काढून दाखवला, कुठे सेन्सर होते तेसुद्धा. तिच्या बाबांनी पेढे आणले. मी कागद बघत होते. ट्रॅक स्वच्छ होता. तिच्या मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं, डावीकडून कुणी घुसत नव्हतं. गाडी चालवता येते का, एवढंच त्यांनी तपासलं होतं, आणि ते तिला उत्तम येतं.

म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना फोन केला. म्हटलं, "सर, तिला दोन-चार वेळा बायपासवर नेऊन आणाल का? वेगळे पैसे घ्या."

"पैशांचं नाही हो मॅडम," सर म्हणाले. "मी शिकाऊ मुलांना तिकडे नेतच नाही. हायवे नंतर आपोआप येतो."

"तुमच्या गाडीत तुमच्या बाजूलाही ब्रेक असतो ना?"

"असतो की. पण दोन्ही ब्रेक माझ्याच गाडीचे आहेत, मॅडम."

आपोआप येतो, यावर माझा विश्वास नाही. आपोआप जे येतं ते काय असतं, ते मी रोज आरशात बघते. तेव्हा लेकीला मीच नेणार आहे. तिचे बाबा म्हणाले मी नेतो, पण ते शेजारी बसले की स्वतःच्या पायाने नसलेला ब्रेक दाबत बसतात आणि पोरगी बिथरते. रविवारी सकाळी साडेसहाला निघायचं ठरलंय. वारज्यापासून चांदणी चौकापर्यंत, म्हणजे चढाच्या दिशेने. परत येताना बावधनहून आतल्या रस्त्याने, पौड रोडने. आईला साताऱ्याला कळवलेलं नाही.